बॅच नंबर गावापर्यंत पोचायला किती वेळ लागतो?

औषधं आणि इंटरनेट म्हटलं की आपल्याकडे एकच भांडण सुरू होते, ऑनलाइन औषध विकू द्यायचं की नाही. केमिस्टची संघटना एका बाजूला, ॲपवाल्या कंपन्या दुसऱ्या बाजूला, अन् मधात २०१८ च्या ऑगस्टमध्ये निघालेला ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा, ज्याचे पक्के नियम काही आले नाहीत. मी यवतमाळ जिल्ह्यात एका बाजाराच्या गावात सतरा वर्षांपासून मेडिकल चालवतो, डी.फार्म आहे, त्यामुळे या भांडणात माझं पोट कोणत्या बाजूला आहे ते उघड आहे आणि मी ते लपवत नाही. पण मला मनापासून वाटते की हे भांडणच चुकीच्या जागी चालू आहे. गोळ्यांचा डबा घरी नेऊन देणं हे इंटरनेटचं औषधाच्या धंद्यातलं सगळ्यात लहान काम आहे. मोठं काम आहे खबर पोचवणं, अन् ती दोन्हीकडून, वरून खाली माझ्या काउंटरपर्यंत आणि माझ्या काउंटरवरून वर जिथं निर्णय होतात तिथपर्यंत. हे काम आज धड होत नाही आणि त्याची किंमत लेकरांनी मोजली आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरची गोष्ट आठवा. मध्य प्रदेशातलं छिंदवाडा आपल्यासाठी परकं नाही, नागपूरहून सव्वाशेएक किलोमीटर, तिकडची माणसं मोठ्या आजाराला नागपूरलाच येतात. सप्टेंबरपासून तिकडची लहान लहान लेकरं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली, साध्या सर्दी-तापाचं औषध घेतल्यावर लघवी बंद होऊन नागपूरच्या दवाखान्यांत यायला लागली, किडन्या निकामी. आधी पाणी तपासल्या गेलं, डास, उंदीर, कोणता ताप आहे ते, आणि मग कुठं बोट आलं ते कोल्ड्रिफ नावाच्या कफ सिरपवर. तामिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. चालते किती, तर ०.१ टक्का. हे गाड्यांच्या कूलंटमध्ये अन् ब्रेक ऑइलमध्ये वापरायचं रसायन आहे. वीसहून जास्त लेकरं गेली.

त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर काय चालू होतं ते सांगतो. चार व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, तालुक्याचा, जिल्ह्याचा, स्टॉकिस्टचा, एक कॉलेजच्या मित्रांचा. प्रत्येकावर त्या बॅचबद्दलच्या सरकारी पत्राचे फोटो फिरत होते, कोणाचा अर्धा कापलेला, कोणाचा इतका धूसर की १३ आहे की १८ ते कळत नाही. एका फॉरवर्डमध्ये सिरपचं नाव वेगळं, दुसऱ्यात चार नावं एकत्र, तिसऱ्यात सगळेच कफ सिरप बंद झाले असं लिहिलेलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आला त्यात तीन सिरप होते, कोल्ड्रिफ, रेस्पिफ्रेश टीआर आणि रिलाइफ, म्हणजे नावं एकापेक्षा जास्त होती हे खरंच होतं, पण कोणतं नाव खरं अन् कोणतं कोणीतरी घाबरून जोडलेलं हे मला दुकानात उभं राहून कसं कळणार. लाइन गेलेली होती, मी आणि माझा पोऱ्या मोबाइलचा टॉर्च लावून रॅकमधली एकेक बाटली काढून पाहत होतो. माझ्याकडे ते सिरप नव्हतं. पण नाही हे समजायला मला दीड तास लागला, आणि तेवढ्या वेळात दोन आया येऊन गेल्या, एकीनं उघडलेली बाटली पदराखालून काढून विचारलं, "भाऊ, हे थेच तर नोहे ना? सकायीच पाजलं मी पोराले." वेगळ्याच कंपनीचं होतं ते. पण मी तिला ताबडतोब, डोळ्यात डोळे घालून नाही म्हणू शकलो नाही. आधी बॅच पाहिली, मग मोबाइल पाहिला, मग पुन्हा बॅच पाहिली. तिचा चेहरा मी विसरलो नाही.

आता यात अवघड काय आहे ते पाहा. काहीच नाही. माझ्याकडे येणारी प्रत्येक बाटली स्टॉकिस्टच्या कॉम्प्युटरातून बिल होऊन येते, त्या बिलात औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं टाइप केलेलं राहते, तेच बिल माझ्या सॉफ्टवेअरमध्ये इंटरनेटवरून आपोआप उतरते. मी पेशंटला बिल देतो त्यावरही बॅच नंबर. म्हणजे कोणती बॅच कोणत्या गावात कोणत्या दुकानात आहे हे कुठं ना कुठं लिहिलेलंच आहे, आजही, याच मिनिटाला. दुसरीकडे केंद्राचं औषध नियंत्रण खातं दर महिन्याला निकृष्ट निघालेल्या औषधांची यादी काढते, तीही बॅच नंबरसकट, तीही इंटरनेटवर. एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला स्टॉक, दोन्ही नेटवर, अन् दोघांची भेट होत नाही. यादी इंग्रजीत, पीडीएफमध्ये, ती मी स्वतः जाऊन उघडायची आणि डोळ्यानं एकेक बॅच ताडून पाहायची. जो केमिस्ट सकाळी आठला शटर उघडते अन् रात्री दहाला टाकते तो हे करणार नाही, आणि केलं तरी एखादी ओळ सुटणारच. हेच काम मशीन अर्ध्या सेकंदात करते. ज्या क्षणी वर बॅच बंद झाली त्या क्षणी माझ्या बिलिंगच्या स्क्रीनवर ती लाल झाली पाहिजे, आणि मी विकायला गेलो तर बिलच बनलं नाही पाहिजे. बस एवढंच मागणं आहे. केंद्राच्या रिकॉलच्या, म्हणजे बाजारातला माल परत बोलवायच्या सूचनांमध्ये जीवघेण्या मालासाठी २४ तासांपासून जास्तीत जास्त ७२ तास अशी मुदत लिहिलेली आहेच, पण ती मुदत पाळायला हत्यार कोणतं दिलं आम्हाला? फॉरवर्ड केलेला फोटो.

मी हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं म्हणून इथं सांगतो. १९३७ साली अमेरिकेत याच डायएथिलीन ग्लायकॉलनं, सल्फानिलामाइड नावाच्या औषधाच्या पातळ रूपात, शंभराहून जास्त माणसं मेली. तेव्हा कुठलं नेट. कंपनीनं आधी तारा पाठवल्या, माल परत पाठवा एवढंच लिहून, का ते लिहिलंच नाही, मग तिथल्या एफडीएनं दटावून दुसऱ्यांदा तारा पाठवायला लावल्या, की हे जीवघेणं आहे. आणि स्वतःचे जवळजवळ सगळे इन्स्पेक्टर रस्त्यावर उतरवून दुकानं, डॉक्टर, पेशंटची घरं पालथी घातली. २४० गॅलन माल बनला होता, त्यातला २३४ गॅलन त्यांनी परत मिळवला. तारेवर. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरीननं १४ पेशंट गेले, रसायन हेच, लेंटिन आयोग बसला, रिपोर्ट आला. मग छिंदवाडा. पहिल्या घटनेला अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली, खिशात फोन आहे, टॉवर आहे, आणि गावातल्या केमिस्टला खबर फॉरवर्डनं भेटते.

कोणी म्हणेल क्यूआर कोड आला आहे ना. आला आहे, १ ऑगस्ट २०२३ पासून, जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर. चांगलंच झालं. पण तो कोड काय सांगते, तर नाव, कंपनी, लायसन्स, बॅच, तारखा. म्हणजे पाकिटावर जे छापलं आहे तेच मोबाइलवर वाचायचं. ही बॅच आज चालू आहे की बंद केली हे जेव्हा तो कोड सांगेल तेव्हा तो आमच्या कामाचा. शिवाय धोका जास्त कुठं आहे, मोठ्या खपाच्या ब्रँडमध्ये की कुठल्यातरी लहान फॅक्टरीतून निघणाऱ्या, जिचं नाव डॉक्टरलाही धड माहीत नसते अशा सिरपमध्ये? कोड आधी तिथं पाहिजे होता. अशीच गत बंदीची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं १५६ मिश्रण औषधांवर एकदम बंदी घातली, राजपत्रात पानंच्या पानं, मोलेक्युलच्या, म्हणजे मूळ औषधाच्या नावानं. ब्रँडच्या नावानं नाही. दुकानात माल ब्रँडच्या नावानं राहते. मी आणि शेजारच्या गावचा एक मित्र, दोघांनी मिळून तीन रात्री बसून आमच्या रॅकमधल्या कोणत्या ब्रँडमध्ये कोणतं मिश्रण आहे ते शोधलं.

हे झालं वरून खाली येणाऱ्या खबरीचं. खालून वर जाणाऱ्या खबरीचं तर त्याहून वाईट आहे, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे.

छिंदवाड्यात पहिलं लेकरू गेल्यापासून सिरपवर बोट यायला तीन-चार आठवडे गेले. आता विचार करा, त्या भागातल्या मेडिकलवाल्याला काय दिसत असेल. अमक्याचं पोरगं नागपूरला नेलं, मग तमक्याचं नेलं, अन् दोन्ही घरी आपल्याच दुकानातून एकच बाटली गेलेली. मी कोणाला दोष देत नाही, दोन घटनांवरून असा निष्कर्ष कोणीच काढत नसते, मीही काढला नसता, सर्दीची औषधं सगळ्याच घरी जातात. पण दहा दुकानांतून दहा जणांनी "औषध घेतल्यावर लघवी बंद झाली" एवढी एक ओळ वर पाठवली असती तर वर बसलेल्या माणसाला अन् मशीनला ते दिसलं असतं. गावातल्या केमिस्टला पूर्ण चित्र दिसत नाही, त्याला एक तुकडा दिसते. तुकडे जोडायचं काम नेटचं आहे.

यासाठी व्यवस्था नाही असं नाही. २०१० पासून आपल्या देशात फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या वाईट परिणामांवर नजर ठेवायचा कार्यक्रम आहे, गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवते. ॲप आहे, टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४, आणि पेशंटसाठीचा फॉर्म चक्क मराठीतही आहे. तिथली माहिती पुढे स्वीडनमधल्या उप्सालाला जगाच्या साठ्यात जाते. म्हणजे वणीच्या एखाद्या बाईच्या अंगावर आलेला पुरळ उप्सालापर्यंत पोचू शकते, ही केवढी मोठी गोष्ट आहे! २०२३ च्या शेवटी याच गाझियाबादवरून मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सूचना निघाली, पाळीच्या दुखण्याला आपल्याकडे सर्रास घेतात ती गोळी, की क्वचित कोणाला ड्रेस सिंड्रोम म्हणतात तशी ताप, पुरळ, आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर रिॲक्शन येऊ शकते, लक्ष ठेवा. ती सूचना निघाली ती लोकांनी, डॉक्टरांनी, फार्मासिस्टांनी पाठवलेल्या नोंदींवरूनच. म्हणजे यंत्र चालते. पण माझ्या तालुक्यात असा फॉर्म भरलेला केमिस्ट मला शोधून सापडत नाही, अन् डी.फार्मच्या दोन वर्षांत मलाही कोणी एकदा हातात देऊन भरायला लावला नव्हता.

माझा पहिला फॉर्म कसा भरल्या गेला ते सांगतो. एक मावशी, कापूस वेचायला जाणारी, बीपीची ॲम्लोडिपिन चालू, तिचे पाय सुजायला लागले. एका ठिकाणी तिला लघवीची गोळी लिहून दिली. ती घेऊन चक्कर यायला लागली तर चक्करेची गोळी. माझ्याकडे तिन्ही चिठ्ठ्या घेऊन आली अन् म्हणे, "बाप्पा, एका गोईच्या तीन झाल्या, अन् पाय तसेच. वहाण बी नाई जात पायात." ॲम्लोडिपिननं पाय सुजतात हे पुस्तकात आहे, मीही शिकलो होतो, पण घाईत विसरायला होते. त्या दिवशी मी मोबाइलवर पाहिलं, मूळच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी बीपीची गोळी बदलली, बाकीच्या दोन बंद. पंधरा दिवसांत पाय उतरले. मग मी तो फॉर्म शोधून भरला. नवीन काहीच नव्हतं त्यात, जगाला माहीत असलेलीच रिॲक्शन, पण भरताना लक्षात आलं की हे मला सतरा वर्षांत शंभरदा भरता आलं असतं. एच-१ ची वही आम्ही ठेवतोच ना, २०१४ पासून, कोणत्या पेशंटनं कोणतं भारी अँटिबायोटिक नेलं, कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, तीन वर्षं जपून ठेवायची. कपाटात पडून राहते. कोणत्या तालुक्यात कोणतं अँटिबायोटिक किती चाललं आहे याचा पूर्ण नकाशा त्या वह्यांमध्ये आहे, नुसता कागदावर कैद आहे.

रोजच्या कामात मला नेटचा खरा आधार लागते तो गोळीवर गोळी भिडते तेव्हा. एक तरुण पोरगा आहे, हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायला ॲसिट्रोम चालू. दाढ दुखली म्हणून दुसरीकडून मेट्रोनिडाझोल लिहून आणलं. हे दोन एकत्र आले की रक्त नको तितकं पातळ होते, कुठूनही रक्तस्राव होऊ शकते. मला शंका आली, मी पाहिलं, पक्की खात्री केली अन् मगच चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, कारण नुसत्या शंकेवर फोन केला तर केमिस्ट काय शिकवते आम्हाला असं होते, हातात पुरावा असला की बोलणं वेगळं होते. त्यांनी ऐकलं, औषध बदललं. हा पुरावा मला गावात बसून दोन मिनिटांत भेटला ही नेटची कृपा आहे आणि मी ती मानतो.

पण त्यातही अडचण अशी की हे भिडणं तपासायचे, म्हणजे कोणतं औषध कोणाशी भिडते ते सांगणारे जे चांगले फुकटचे साधन आहेत ते सगळे बाहेरच्या देशांचे. त्यांना आपली मिश्रणं माहीतच नाहीत. आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं, प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव. मी ब्रँडचं नाव टाकतो, ते म्हणते सापडलं नाही. मग पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून एकेक मोलेक्युल वेगळा टाकायचा, समोर पाच गिऱ्हाईकं उभी. देशी वेबसाइटी आहेत, त्या ब्रँड ओळखतात, पण त्यांना शेवटी तेच औषध विकायचं राहते, त्यामुळे माहिती कुठं संपते अन् जाहिरात कुठं सुरू होते ते पेशंटला तर सोडा मलाही कधी कधी कळत नाही. नॅशनल फॉर्म्युलरी, म्हणजे कोणतं औषध कसं द्यायचं त्याचं पुस्तक, सरकारची आहे, २०२१ ची सहावी आवृत्ती आहे, चांगली आहे, तिच्यावर उभा राहून देशातल्या प्रत्येक ब्रँडमध्ये काय आहे, ते कशाशी भिडते, गरोदर बाईला चालते का, किडनीच्या पेशंटला किती द्यायचं, हे सगळं एका ठिकाणी, फुकट, जाहिरातीशिवाय, अन् मराठीत, हे सरकारनंच केलं पाहिजे. किमतीबाबतीत केलंच आहे की, औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी एनपीपीएचं फार्मा सही दाम २०१६ पासून आहे, जनऔषधीचं सुगम ॲप आहे, माणूस गोळीचं नाव टाकून स्वस्त पर्याय पाहू शकते. माझे काही भाऊबंद यावर चिडतात. मी चिडत नाही, पेशंटला भाव कळलाच पाहिजे. पण भाव सांगणारं ॲप बनते तर धोका सांगणारं का बनू नये?

मराठीत म्हणालो ते उगाच नाही. मेथोट्रेक्सेट ही गोळी सांधेवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायची राहते. रोज घेतली तर तोंडात फोड, रक्तपेशी कमी, जीवही जाऊ शकते. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं राहते, पेशंट घरी जाऊन नातवाला विचारते, नातू नेटवर इंग्रजी पान उघडते. त्या पानावर सगळं बरोबर लिहिलेलं असूनही त्या आजीपर्यंत काहीच पोचत नाही. मी अशा गोळीच्या पाकिटावर मार्करनं "फक्त बुधवारी" असं मोठ्या अक्षरात लिहून देतो.

ऑनलाइन विक्रीचं दोन वाक्यांत सांगून टाकतो. ज्या शहरात चिठ्ठी तपासणारा माणूस खरंच बसलेला आहे तिथं ती चालो, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जाते, नवतपात कुरिअरची गाडी दिवसभर पत्र्याखाली तापते, अन् इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे, ते पार्सल पेशंटच्या हातात पडते तेव्हा आतलं इन्सुलिन जिवंत आहे की मेलं हे सांगणारं त्या डब्यावर काहीच नसते. आधी तो प्रश्न सोडवा, मग बोलू.

आता थोडं माझ्या दुकानाबाहेरचं, पण याच गोष्टीचं. माझी पुतणी एम.फार्म करते, आपल्याच भागातल्या एका खाजगी कॉलेजात, पळसाच्या फुलांवर काम आहे तिचं. विदर्भात पळस काय कमी आहे, फाल्गुनात सारं रान लाल. फुलं तिला फुकट भेटतात, पण त्या फुलांवर आधी कोणी काय काम केलं तो पेपर वाचायचा तर तीन-साडेतीन हजार रुपये मागते साइट. एका पेपरचे. पबमेड म्हणून वैद्यकीय पेपर शोधायची साइट आहे, तिच्यावर सारांश दिसते, १९९७ पासून ते जगाला फुकट आहे, पण सारांशावर थीसिस होत नाही. सरकारनं वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलं, २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळानं मंजूर केलं, ६००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, १३००० च्या जवळपास जर्नल. ऐकून मी स्वतः तिला फोन करून सांगितलं होतं, बेटा तुझं काम झालं. नाही झालं. ती योजना सुरू झाली ती सरकारी संस्थांसाठी. अन् आपल्या खेड्यापाड्यांतली, तालुक्यातालुक्यातली फार्मसी कॉलेजं जवळजवळ सगळी खाजगी. म्हणजे ज्या पोरांपाशी लायब्ररीही नाही अन् पैसाही नाही तीच बाहेर राहिली. विद्यार्थी सरकारी कॉलेजात शिकते की खाजगी यावरून पळसाच्या फुलाचं रसायन बदलते का? हा पैसा आपल्या सगळ्यांच्या टॅक्सचा आहे, ही दारं खाजगी कॉलेजातल्या पोरांना उघडलीच पाहिजेत.

पोरांना संधी दिली की काय होते हे आपल्या देशानं पाह्यलेलं आहे. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं २००८ मध्ये ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी सुरू केलं, टीबीच्या औषधासाठी, सगळी माहिती नेटवर उघडी, आणि पुढे कनेक्ट टू डिकोड म्हणून देशभरातल्या कॉलेजच्या पोरांना कामाला लावलं, टीबीच्या जंतूचे जवळपास ४००० जीन, एकेकाबद्दल जगात जे जे छापलं आहे ते वाचून नोंदवायचं. लहान लहान गावची पोरंपोरी त्यात होती. तसंच सिडनीला मॅथ्यू टॉड नावाच्या शास्त्रज्ञानं केलं. प्राझिक्वांटेल हे जंतावरचं औषध, आफ्रिकेत लाखो लेकरांना देतात, गोळीतला अर्धा भाग कामाचा नाही अन् कडू तोच, तो वेगळा कसा काढायचा हा प्रश्न त्यांनी सरळ नेटवर मांडला, वही उघडी ठेवली, अन् अनोळखी कंपन्यांतल्या केमिस्टांनी येऊन उत्तर सुचवलं, २०११ मध्ये ते छापूनही आलं. मी पुतणीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "काका, आमच्या कॉलेजात प्रयोगाची वही सरांशिवाय कोणाला दाखवायची नाही असं आहे." मला त्या सरांचीही भीती कळते, कोणी काम चोरेल म्हणून. पण सिकलसेलसारखा रक्ताचा आजार, जो गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याच्या घराघरात आहे, त्याच्यावर बाहेरून कोण येऊन काम करणार? २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी करायची ठरली. तपासून झाल्यावर त्या लेकराला हायड्रॉक्सीयुरिया लागते, वर्षानुवर्षं, अन् बहुतेक ठिकाणी भेटते ती कॅप्सूल मोठ्यांच्या मापाची, पाच वर्षांच्या पोराला ती कशी मोडून, कशात मिसळून, किती दिवस टिकेल अशी द्यायची, हा अगदी फार्मसीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. विदर्भातल्या कॉलेजांनी मिळून याची एक उघडी वही नेटवर ठेवली, कोणी काय करून पाह्यलं, काय फसलं, तर वेगवेगळ्या दहा कॉलेजांत तोच प्रयोग दहादा फसणार नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खाते. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, शेकडो आजारी पडली. तेव्हा लोक आधी मेडिकलवर आले होते, डोळे जळतात म्हणून ड्रॉप मागायला, मळमळ होते म्हणून गोळी मागायला. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, चोवीस तास फोनवर, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला ते नंतर नेटवर वाचून कळलं. तोच प्रकार सापाचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर चालणारं एकच इंजेक्शन आहे, पण ते आज रात्री कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे हे कोणालाच सांगता येत नाही. माणूस चावल्यावर नातेवाईक मोटारसायकलवर मधात बसवून एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतात, अन् जाता जाता मला फोन करतात, "भाऊ, कुठं हाय सांगा ना लवकर." मी इकडेतिकडे फोन लावतो. एकदा तिसऱ्या ठिकाणी हो म्हणाले. तोवर वीस किलोमीटर उलटे झाले होते.

आणि हे करता येते हे सरकारनंच दाखवलं आहे. लसींसाठी २०१५ पासून ई-विन नावाची व्यवस्था आहे, कोणत्या केंद्रावर कोणती लस किती शिल्लक, फ्रिजचं तापमान किती, लाइन गेली तर किती वाढलं, हे सगळं मोबाइलवर दिसते, आमच्या पीएचसीच्या सिस्टरच्या फोनमध्ये ते आहे, मी स्वतः पाह्यलं आहे. लसीचा डबा दिसते तर सापाच्या इंजेक्शनचा का दिसू नये? कुत्रा चावल्यावर द्यायच्या लसीचा, फवारणीच्या विषावर लागणाऱ्या ॲट्रोपिनचा का दिसू नये? त्याच यंत्रात चार नावं वाढवायची आहेत, आणि ती यादी आशा ताईला, केमिस्टला, पोलीस पाटलाला मराठीत उघडता आली पाहिजे. नवीन फ्रिज नको, नवीन बिल्डिंग नको. हे काम मे महिन्यात, पेरणीच्या आधी झालं पाहिजे, कारण मृगाचा पाऊस पडला की बिळांत पाणी शिरते अन् साप वावरात, धुऱ्यावर, घराच्या कुडाशी येतात, आणि त्याच्यानंतर दोन महिन्यांनी कपाशीची फवारणी सुरू होते.